सोलर कुकर ८० अंशांवर अडकतो: दोष पेटीत की भांड्यात?

वर काच आणि आरसा असलेल्या पेटीच्या सोलर कुकरची तक्रार ठरलेली असते. ऊन कडक आहे, आरसा उघडलेला आहे, वरची काच हाताला चटका देते आहे, पण आतला भात दोन-तीन तासांनीही कच्चाच. थर्मामीटरचा काटा ७५-८० अंशांवर येऊन बसतो आणि तिथून हलायला तयार नसतो. मग आरसा मोठा कर, आणखी एक काच लाव, पेटीच बदल, असे उपाय सुरू होतात. यातले बरेचसे भलत्याच जागी केलेले असतात, कारण त्याआधी एक साधी गोष्ट तपासलेली नसते: रिकामी असताना पेटी किती तापते?

रिकामी पेटी नीट तापत असेल आणि भांडं ठेवल्यावरच अडकत असेल, तर पेटीला हात लावू नका, दोष भांड्यात, पाण्यात किंवा वाफेत आहे. रिकामी पेटीही तापत नसेल, तर भांडी बदलून काही होणार नाही. निम्मं निदान या एका चाचणीत होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

रिकामी चाचणी

निरभ्र दिवस निवडा. जमिनीवर पडलेल्या सावलीची कड रेषेसारखी स्पष्ट हवी. कड पुसट असेल तर हवेत धूसरपणा किंवा पातळ ढग आहेत, त्या दिवशीचा आकडा धरू नका. काच दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. ट्रे, म्हणजे पेटीच्या आतला काळा धातूचा तळ, कोरडा आणि पूर्ण रिकामा ठेवा. आरसा मिटा किंवा त्यावर कापड टाका, कारण आपल्याला आधी फक्त पेटी तपासायची आहे. साधारण साडेदहाला पेटी उन्हात ठेवली की साडेबारापर्यंत झाकण उघडायचं नाही.

तापमान मोजण्यात हमखास होणारी चूक म्हणजे बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर काचेवर रोखणं. तो काचेचं तापमान दाखवतो, आतल्या ट्रेचं नाही. झाकण उघडून चकचकीत धातूवर रोखला तरी आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. बारीक वायरचा थर्मोकपल (वायरच्या टोकाशी तापमान मोजणारं उपकरण) घ्या, त्याचं टोक ट्रेच्या मध्यभागी उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने दाबून बसवा आणि वायर झाकणाच्या रबराखालून बाहेर काढा. ते नसेल तर ओव्हनमध्ये ठेवायचा तबकडीचा थर्मामीटर ट्रेवर ठेवून काचेतून वाचा.

बाहेर ३० अंश असताना चांगल्या पेटीचा ट्रे आरशाशिवाय १२० अंशांच्या आसपास गेला पाहिजे. भारतीय मानक आयएस १३४२९ मध्ये यासाठी एक गुणोत्तर आहे: ट्रेचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश जास्त, त्याला उन्हाच्या तीव्रतेने (वॅट प्रति चौरस मीटर) भागायचं. वरच्या दर्जाच्या कुकरला उत्तर ०.१२ तरी यावं लागतं. म्हणजे ८०० वॅटच्या उन्हात ९६ अंशांची वाढ. पुठ्ठ्याच्या घरगुती पेटीकडून एवढी अपेक्षा नको, पण तिनेही शंभरी ओलांडायला हवी.

ट्रे ११५ च्या वर गेला तर पेटी ठीक आहे, सरळ भांड्यांच्या भागाकडे जा. ९५ च्या आत राहिला तर पेटीतच दोष आहे. मधला आकडा आला तर दोन्हीकडे थोडं थोडं पाहावं लागेल, आणि बहुतेकांचा आकडा मधलाच येतो.

रिकामी पेटीच तापत नाही

चाचणी चालू असताना काचेकडे नीट पाहा. आत पाण्याचा थेंब नाही, अन्न नाही, तरी पहिल्या तासाभरात काचेच्या आतून धुकं धरलं, बारीक थेंब जमले, तर ते पाणी आलं कुठून? भिंतींच्या आतल्या भरावातून. भराव ओला झाला आहे. जुन्या पेट्यांमध्ये हा दोष फार आढळतो आणि फार कमी वेळा ओळखला जातो, कारण बाहेरून पेटी नव्यासारखीच दिसते. थोडी जड झालेली असते एवढंच.

पाणी शिरतं ते बहुतेक ट्रेच्या कोपऱ्यातल्या सांध्यातून. उतू गेलेलं पाणी आणि काचेवरून ओघळलेली वाफ तिथून खाली झिरपते. ग्लासवुल (काचेच्या तंतूंचा कापसासारखा भराव) उष्णता अडवतं ते त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे. हवेच्या जागी पाणी आलं की तोच भराव उष्णता बाहेर पोचवायला लागतो. वर ते पाणी रोज तापवण्यात आणि वाफवण्यात उष्णता खर्च होते ती वेगळीच. लागोपाठ उन्हाच्या दिवसांत पेटी रोज थोडी थोडी सुधारत असेल आणि पावसाळी आठवड्यानंतर पुन्हा मंद पडत असेल, तर दुसरं कारण शोधू नका.

दुरुस्ती किचकट नाही, मात्र घाई करून होत नाही. पेटी उलटी करून तळाचा पत्रा किंवा प्लायवुड काढा. ग्लासवुल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, त्याचे तंतू कातडीला टोचतात आणि श्वासातून आत जातात. भराव बाहेर पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. चपटा होऊन बसला असेल तर टाकून द्या आणि नवा घाला: तळाला आणि चारही बाजूंना ५० मिलिमीटर जाडीचा, फुगलेलाच. कोंबून भरू नका. जास्त माल म्हणजे जास्त रोध असा समज असतो, पण दाबलेल्या भरावाची जाडी जाते आणि जाडीबरोबर रोधही. ट्रेचे सांधे आतून उष्णतारोधक सिलिकॉनने भरून २४ तास सुकू द्या. पेटी बंद करण्याआधी बाहेरच्या तळाला ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडून ठेवा, म्हणजे पुढे ओल आत शिरलीच तर तिला बाहेर पडायला वाट राहील.

भराव म्हणून थर्माकोल असेल तर तो काढूनच टाका. ९० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो, आक्रसतो, ट्रेपासून सुटतो आणि मध्ये पोकळी राहते. पेटी उघडल्यावर ट्रेला लागून वितळलेली पिवळट कड दिसते. ग्लासवुल मिळत नसेल तर कोरडी लोकर, कोरडं गवत, भाताचं तूस किंवा चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद चालतो. अट एकच, माल ठणठणीत कोरडा हवा.

तळ उघडलाच आहे तर आणखी एक गोष्ट पाहून घ्या. आतला ट्रे बाहेरच्या पत्र्याला लोखंडी स्क्रूने किंवा पट्टीने थेट जोडलेला आहे का? असेल तर भराव कितीही चांगला असो, उष्णता त्या धातूतून सरळ बाहेर जाते. भर दुपारी पेटीच्या बाहेरून हात फिरवा. सगळीकडे कोमट आणि एक-दोन ठिकाणी गरम लागलं तर जोड तिथे आहे. मध्ये लाकडाचा ठोकळा घाला.

काचेवर धुकं आलं नाही, तरी पेटी तापत नाही, तर झाकण पाहायचं. कागदाची दोन बोटं रुंदीची पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. अडकून बसली तर ठीक, सहज निसटली तर तिथे फट आहे. चारही बाजूंना दर १० सेंटिमीटरवर हे करून पाहा. रात्री अंधारात पेटीत पेटती टॉर्च ठेवून झाकण लावलं तर सगळ्या फटी एकदम दिसतात. बिजागरीच्या बाजूला फट सहसा नसते, ती असते समोरच्या कोपऱ्यांत, कारण लाकडी चौकट उन्हाने पिळवटते. नुसतं रबर बदलून पिळवटलेली चौकट सरळ होत नाही. समोर दोन्ही टोकांना दाबून बसणाऱ्या कड्या लावल्या तर बरंचसं काम होतं. मधोमध एकच कडी असेल तर दोन्ही कोपरे उचललेले राहतात.

काच दुहेरी असेल आणि दोन काचांच्या मध्ये धुकं असेल, तर त्याचे दोन प्रकार आहेत. सकाळी दिसणारं आणि दुपारपर्यंत जाणारं धुकं म्हणजे मधल्या हवेत आलेली ओल. अजिबात न जाणारा पांढुरका, किंचित तेलकट थर म्हणजे रंग, रबर किंवा चिकटवणीतून निघालेल्या वाफा काचेवर बसलेल्या. पहिल्यावर उपाय म्हणून लोक कडा पुन्हा सिलिकॉनने घट्ट बंद करतात आणि महिन्याभरात धुकं परत येतं. येणारच. २० अंशांवरची हवा १०० अंशांना नेली की ती सुमारे २७ टक्के प्रसरण पावते. रोज दुपारी तेवढी हवा बाहेर जायला बघते, रोज रात्री परत आत येते, आणि घरी लावलेलं सिलिकॉन या रोजच्या ओढाताणीत कुठेतरी सुटतंच. त्यापेक्षा हवेला स्वतःहून वाट द्या: चौकटीच्या खालच्या कडेला, बाहेरच्या बाजूने, २-३ मिलिमीटरचं एक भोक. बाहेरच्याच बाजूने, आतून पाडलं तर भांड्याची वाफ काचांच्या मध्ये शिरेल. तेलकट थर मात्र काच सोडवून भांड्यांच्या साबणानेच निघतो, दुसरा मार्ग नाही. काचा परत बसवताना मध्ये १० ते २० मिलिमीटर अंतर ठेवा.

काचेच्या जागी अॅक्रिलिक असेल तर ते शंभरीच्या आत मऊ पडून खाली झुकतं, आणि झुकलं की कडेला फट तयार होते. ३-४ मिलिमीटरची टफन्ड काच सगळ्यात निर्धास्त.

ट्रेचा रंग शेवटी. तो राखाडी पडला असेल, चमकत असेल, पोपडे निघाले असतील तर पॉलिश पेपरने घासा, ट्रे तेलकट राहणार नाही असा धुऊन वाळवा आणि उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचे दोन पातळ हात द्या. जाड एक हात नको, तो फुगून सुटतो. मग दोन दिवस रिकामी पेटी उन्हात ठेवायची, झाकण बोटभर उघडं ठेवून. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय अन्न आत ठेवू नका. ही पायरी टाळली की वासही अन्नाला लागतो आणि वर सांगितलेला तेलकट थरही काचेवर बसतो.

आरसा: मदत कमी, गैरसमज जास्त

आरसा जितका मागे पाडावा तितकं ऊन जास्त, असं वाटतं. खरं तर उलट घडू शकतं. काच आडवी आहे, आरसा काचेएवढाच लांब आहे आणि सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर आहे असं धरा. आरसा काचेपासून १२० अंशांपर्यंत मागे पाडला, तर परावर्तित किरण काचेला समांतर निघून जातात. एकही आत शिरत नाही. आरसा लखलखत असतो, डोळे दिपतात, आणि पेटीला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

अशा पेटीसाठी कोन काढायची रीत सोपी आहे: ६० मध्ये सूर्याच्या उंचीच्या कोनाचे दोन-तृतीयांश मिळवा. सूर्य ४५ अंशांवर असेल तर आरसा काचेशी ९० अंशांत, ६० वर १०० अंशांत, ७५ वर ११० आणि थेट डोक्यावर असेल तर १२०. उंची मोजायला एक मीटरची काठी सपाट जमिनीवर उभी धरा. सावली एक मीटर पडली तर सूर्य ४५ अंशांवर, ५८ सेंटिमीटर पडली तर ६० वर, २७ सेंटिमीटर पडली तर ७५ वर. एवढंही नको असेल तर काचेवर पडलेला उजळ पट्टा पाहा. त्याची कड समोरच्या चौकटीला नेमकी भिडली की आरसा बरोबर लागला. पट्टा चौकटीबाहेर सांडत असेल तर आरसा जास्त मागे गेला आहे, अर्ध्या काचेवरच संपत असेल तर जास्त उभा आहे.

सावली काठीपेक्षा लांब असेल, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या खाली असेल, तर आडव्या काचेच्या पेटीत शिजवायला सुरुवात करण्यात अर्थ नाही.

सूर्य तासाला १५ अंश सरकतो. एका आरशाची पेटी दर ४५ मिनिटांनी वळवली तर उत्तम. ते जमणार नसेल तर पेटी सूर्य आत्ता आहे तिकडे न लावता, शिजण्याच्या काळाच्या मध्याला जिथे असेल तिकडे लावून ठेवा. सुरुवातीला थोडं कमी मिळतं, नंतर भरून निघतं.

आरसा पुसायला मऊ ओलं कापड आणि साबणाचं सौम्य पाणी. काथ्या किंवा घासणी एकदा फिरवली की पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमचा आरसा संपला. काचेच्या आरशाऐवजी स्टेनलेस स्टीलचा पत्रा लावायचा मोह होतो कारण तो टिकतो, पण तो उन्हाचा बराच मोठा भाग गिळून टाकतो. पुठ्ठ्यावर नीट, सुरकुती न पाडता चिकटवलेली अॅल्युमिनियमची फॉईल त्यापेक्षा चांगली चालते.

रिकामी तापते, भांडं ठेवलं की अडकते

आता हिशेब करावा लागतो. काच ५० बाय ५० सेंटिमीटर म्हणजे पाव चौरस मीटर. दुपारच्या स्वच्छ उन्हात त्यावर सुमारे २५० वॅट पडतात. काचेतून जाताना आणि भिंतींतून गळताना बरेच जातात आणि भांड्यात प्रत्यक्ष पोचतात ते ५०-६० वॅट. एवढ्यात १.७५ किलो पाणी ३० वरून ९५ अंशांना न्यायला सव्वादोन तास लागतात. भांड्यात तीन किलो भरलं तर जवळपास चार तास, आणि तोवर सूर्य कलतो. म्हणजे पेटी बिघडलेली नाही, ती भरून वाहिली आहे. कुकर तपासताना प्रमाण धरतात ते काचेच्या प्रत्येक चौरस मीटरला ७ किलो पाणी, आणि रोजच्या वापरातही त्याच्या पुढे जाऊ नये. काचेची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा, गुणा, सातने गुणा, की तुमच्या पेटीची मर्यादा मिळाली. अन्न आणि पाणी मिळून.

पण पाहा, माल मर्यादेत आहे, रिकामी पेटी १२० ला जाते, तरी भांडं ८० वरच थांबतं. इथे चोर म्हणजे वाफ. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात. ६० वॅट म्हणजे तासाला २१६ किलोज्यूल. भागाकार करा: भांड्यातून तासाला साधारण ९५ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, म्हणजे अर्धा कपसुद्धा नाही, तर आत येणारी सगळी उष्णता तिनेच नेली. तापमान वाढायला काही उरतच नाही. ती वाफ वर जाऊन काचेला लागते, तिथे पाणी होते आणि आणलेली उष्णता काचेला देते. काच ती बाहेरच्या हवेला देते. वरची काच हाताला चटका देते तेव्हा पेटी छान तापली असं लोक समजतात. प्रत्यक्षात ती भात शिजवणारी उष्णता बाहेर जाताना लागलेला चटका असतो. शिवाय काचेवरचे थेंब ऊन विखरून टाकतात, तो तोटा वेगळा.

म्हणून भांड्याचं झाकण ही पेटीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. काठावर नीट बसणारं, न डुगडुगणारं, आणि काळं. झाकण चकचकीत ठेवून भांडं तेवढं काळं रंगवणं हा उलटा कारभार आहे, कारण ऊन वरून येतं आणि आधी झाकणावरच पडतं. रंग फक्त बाहेरून, आत कधीच नाही. मात्र झाकण हवाबंद करू नका. काचेच्या बरण्या वापरत असाल तर फिरकीचं झाकण पूर्ण आवळायचं नाही किंवा त्याला बारीक भोक पाडायचं, नाहीतर दाबाने बरणी फुटते.

पाणीही कमी घाला. चुलीवर जेवढं वाफेतून उडतं तेवढं इथे उडत नाही, त्यामुळे तेच माप इथे जास्त होतं आणि जास्तीचं पाणी तापवण्यात तास जातो. एक वाटी तांदळाला दीड ते पावणेदोन वाट्या पुरतात. बटाटे, रताळी, मक्याची कणसं यांना पाणी लागतच नाही, झाकण लावून तशीच ठेवा. कडधान्यं ८ ते १२ तास भिजवलेली हवीत.

भांडं पातळ पत्र्याचं, पसरट, ८-१० सेंटिमीटर उंचीचं. एका उंच भांड्यापेक्षा दोन बुटकी भांडी नेहमी लवकर शिजतात. तळ सपाट आहे का ते उजेडाकडे धरून पट्टीने तपासा. बुडाला पोचा असेल तर भांडं ट्रेला दोन-तीन ठिकाणीच टेकतं आणि ट्रेची उष्णता खालीच राहते. ट्रे १२० आणि भांडं ८० असा मोठा फरक दिसला तर आधी हेच पाहा. धातूच्या ट्रेच्या पेटीत भांड्याखाली जाळी किंवा तिवई ठेवू नका. ती पिशवीत भांडं ठेवायच्या उघड्या पॅनल कुकरसाठी असते, कारण तिथे ऊन खालूनही येतं.

आणि झाकण उघडून पाहण्याची सवय. प्रत्येक वेळी आतली गरम हवा आणि वाफ क्षणात जाते, दहा-पंधरा मिनिटं तरी मागे पडतात. दर अर्ध्या तासाला उघडलं तर शिजण्याचा वेळ दीडपट झाला म्हणून तक्रार करायची नाही.

बाहेर थंडी आहे म्हणून शिजत नाही, ही सबब मात्र सहसा खोटी असते. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये अशी काचेची पेटी बनवली आणि पुढे ती डोंगरमाथ्यावर नेऊन पाहिली. बाहेरची हवा खालच्यापेक्षा बरीच थंड असूनही आतलं तापमान जवळपास तेवढंच भरलं. थंड हवेपेक्षा वारा जास्त नडतो. तो काचेवरून उष्णता ओढून नेतो, तेव्हा वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, फक्त त्याची सावली काचेवर पडू देऊ नका. उंचीवर वेळ जास्त लागतो त्याचं कारण निराळं: दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, त्यामुळे ३,००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं. तिथे भांडं ८८ वर थांबलं तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

दुपारी तीनला कच्चं निघालं तर

अर्धवट शिजलेलं अन्न पेटीत तसंच ठेवून उद्याच्या उन्हाची वाट पाहू नका. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ अन्न या पट्ट्यात राहिलं असेल तर ते गेलं असं समजा. ढग आले आणि तापमान ७० च्या खाली घसरायला लागलं की ताबडतोब दुसऱ्या आचेवर घ्या.

राजम्याबाबत अजिबात सूट नाही. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते ८० अंशांवर नष्ट होत नाही, दाणे मऊ पडले तरी नाही. भिजवलेलं पाणी फेकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळ उकळलेच पाहिजेत. पेटी तेवढी खात्रीने उकळत नसेल तर राजमा आधी दुसऱ्या आचेवर उकळून मगच आत ठेवा.

पिण्याच्या पाण्याला मात्र ८० वर अडकलेली पेटीही पुरते. पाणी ६५ अंशांना सहा मिनिटं राहिलं की जंतूंच्या दृष्टीने पिण्याजोगं होतं. गढूळपणा आणि रसायनं यांवर याचा काही परिणाम नाही.

नळीचे आणि तबकडीचे कुकर

निर्वात नळीच्या कुकरमध्ये अन्न काचेच्या दुहेरी नळीत शिजतं, दोन थरांमधली हवा काढलेली असते. त्याचा दोष एका नजरेत कळतो. नळीच्या बंद टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला तर निर्वात गेलं, नळी बदलावी लागते, दुरुस्ती नाही. अशी नळी चालू असताना बाहेरूनही गरम लागते. चांगली नळी आत दोनशे अंश असतानाही बाहेरून जेमतेम कोमट असते. डाग चंदेरीच आहे आणि तरी अन्न मध्ये कच्चं, कडेला करपलेलं निघतं, तर नळी ठासून भरली आहे. एक-तृतीयांश जागा मोकळी ठेवा.

तबकडीच्या कुकरला, म्हणजे खोलगट आरशाने ऊन भांड्यावर एकवटणाऱ्या कुकरला, ताकदीचा प्रश्न नसतो. १.४ मीटर व्यासाची तबकडी सहाशे वॅटच्या आसपास देते. तिथे प्रश्न नेमाचा. तबकडीच्या काठावर, काठाच्या पातळीला काटकोनात, एक लांब खिळा उभा बसवा. खिळ्याची सावली नाहीशी झाली की तबकडी सूर्याकडे बरोबर आहे. सावली दिसू लागली की वळवा, दर १०-१५ मिनिटांनी वळवावीच लागते. नेम बरोबर असूनही प्रकाशाचा ठिपका भांड्याच्या बुडापेक्षा मोठा पडत असेल तर भांड्याची कडी एकेक सेंटिमीटर वर-खाली करून ठिपका सगळ्यात लहान कुठे होतो ते शोधा. काम करताना वेल्डिंगचा गडद चष्मा घाला. काम संपलं की तबकडीवर कापडाची खोळ चढवा, ती उघडी राहिली तर भांडं नसतानाही केंद्रावर येईल ते पेटू शकतं.

नळी तापलेली असताना त्यात गार पाणी ओतू नका, ती जागीच तडकते. धुवायची असेल तर सावलीत ठेवून पूर्ण निवू द्या, म्हणजे सहसा दुसऱ्या दिवशी सकाळी.